लाटणे थांबले की समजावे

आमच्या पंचवटीतल्या वाड्यात रेडिओ स्वयंपाकघरात असे. तो माजघरात, आल्यागेल्याच्या नजरेस पडेल असा ठेवावा, असे वडिलांचे मत होते; परंतु आत्याने एके दिवशी तो उचलून मसाल्याच्या डब्याशेजारी फळीवर नेऊन ठेवला आणि तिथून पुढे तो हळदीच्या बोटांनीच लागत राहिला. त्याच्या खटक्याचा मूळ रंग कोणता होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

आत्या हसत नसे. ती रागीट नव्हती, तिला विनोद कळत नसे असेही नव्हते. पण चेहऱ्यावर काही उमटू न देण्याची सवय तिला तरुणपणीच्या वैधव्याने लागली होती आणि ती पुढे सुटली नाही. त्यामुळे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर ‘पुन्हा प्रपंच’ लागले, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे प्रभाकरपंत यांची जुंपली आणि मध्येच बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी येऊन दाखल झाले, की घरातले सगळे हसत आणि आत्या तेवढी पोळ्या लाटत राही. मात्र कान देऊन ऐकले तर एक गोष्ट ध्यानात येई. तिच्या लाटण्याला एक ठेका होता: दोन लांब फेरे, तीन आखूड, मग पोळी झटकल्याचा आवाज. एखादे वाक्य नेमके लागले की हा ठेका तुटे. लाटणे अर्ध्या पोळीवर थांबे, क्षणभर काहीच ऐकू येत नसे आणि पुन्हा सुरू होई तेव्हा गेलेला वेळ भरून काढायचा असल्यासारखे ते थोडे घाईने फिरे.

पुढे मी साधारण चाळीस वर्षे नभोवाणीसाठी आणि दूरचित्रवाणीसाठी विनोदी लेखन केले. नाटककाराला विंगेत उभे राहून हशा ऐकता येतो, वर्तमानपत्रात लिहिणाऱ्याला निदान संतापाची तरी पत्रे येतात. आमचे लेखन मात्र एकदा हवेत सोडले की गेले. “तुमचं चाललं की पडलं, हे तुम्हाला कळायचं कसं?” असे लोक विचारतात आणि मी आजवर या प्रश्नाला बरीच गुळमुळीत उत्तरे दिली आहेत. खरे उत्तर असे की बहुतेक वेळा कळत नसे. जेव्हा कळले त्यातल्या बऱ्याच वेळांची गोष्ट एकाच वाक्याभोवती सांगता येईल, म्हणून ती तशीच सांगतो.

ते वाक्य 1981 सालचे आहे. मी तेव्हा एका सहकारी बँकेत कारकून होतो. त्या काळी नाशिकमध्ये “मी लेखक आहे” असे म्हणायला छाती लागे, कारण गावात कुसुमाग्रज राहत होते आणि वसंत कानेटकरही. त्यांच्यापैकी कोणी रस्त्याने नुसते चालले तरी लोक बोलण्याचा आवाज खाली आणत. अशा गावात नळाच्या पाण्यावर आठ पानांची श्रुतिका, म्हणजे रेडिओवरची छोटी नाटिका, लिहिणाऱ्याने स्वतःला काय म्हणवून घ्यावे? मी काहीच म्हणवून घेतले नाही. बँक सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयात जाऊन लिहीत बसे. ही संस्था 1840 सालची; तिच्या टेबलावर मान खाली घालून बसलेला माणूस काहीतरी गंभीर करत असणार असे लोक गृहीत धरतात, हा तिथे बसण्याचा मोठा फायदा होता.

श्रुतिकेचा विषय म्हणजे आमच्याच वाड्यातला सामाईक नळ. पहाटेची वेळ, नवरा अंथरुणात आणि बायको उठलेली. तो म्हणतो, “नळाला पाणी आलंय का, ते जरा बघून ये.” त्यावर मी बायकोच्या तोंडी असे वाक्य घातले होते: “पाणी अजून आलेलं नसणार, कारण शेजारच्या काकू भांडायला लागलेल्या नाहीत.”

मला ते वाक्य फार विनोदी वाटले होते. हस्तलिखित मुंबईला पाठवले आणि दोन-अडीच महिन्यांनी भेटायला यावे असे पत्र आले. चर्चगेटच्या बाजूला, आमदार निवासाजवळच्या आकाशवाणीच्या इमारतीत नाट्यविभागात एक बाई बसत असत. त्यांचे नाव लिहीत नाही, कारण ते त्यांना आवडले नसते. त्यांनी माझ्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारले, “हे ‘कारण’ कशाला आलंय?”

“कारण सांगायला,” मी म्हणालो.

“श्रोता परीक्षेला बसलेला नाही हो. आणि काकूंचं भांडण मधेच सांगून टाकलंत, मग ‘लागलेल्या नाहीत’पर्यंत कोण थांबणार? वाचणाऱ्याला मागं जाऊन पुन्हा वाचता येतं. ऐकणाऱ्याला मागं जायची सोय नाही. जे द्यायचं ते शेवटी द्या.”

मी तिथेच बसून दुसरे वाक्य लिहिले: “बघायचं कशाला? काकू भांडत नाहीयेत, म्हणजे आलेलं नाही.” बाईंनी ते मोठ्याने वाचले, मग डोळे मिटून पुन्हा वाचले. त्यांना अजून काहीतरी टोचत होते. “काकू आहेत, वाडा आहे, नळ आहे,” त्या म्हणाल्या, “आता भांडणसुद्धा तुम्हीच सांगणार? मग श्रोत्याने काय करायचं?” अशा रीतीने तिसरे वाक्य झाले आणि तेच ध्वनिमुद्रित झाले:

“बघायचं कशाला? काकू अजून गप्प आहेत.”

दहा शब्दांचे सहा झाले, ही त्यातली लहान गोष्ट. मोठी गोष्ट अशी की विनोद ज्या दोन गोष्टींवर उभा होता, ते पाणी आणि ते भांडण, हे दोन्ही शब्द वाक्यातून निघून गेले आणि विनोद उभाच राहिला. मला या धंद्याचे जे काही शिक्षण मिळाले ते त्या अर्ध्या तासात मिळाले. पुढची चाळीस वर्षे मी त्याची उजळणी करत होतो.

एक गोष्ट मात्र मला नंतर हळूहळू, स्वतःच्या चुकांमधून कळली. विनोद लिहिणाऱ्याला मराठीने एक जन्मजात सवलत दिलेली आहे. आपले क्रियापद शेवटी येते आणि नकार तर त्याच्याही नंतर येतो. “मी तुमच्याकडे उसने पैसे मागायला आलेलो” इथपर्यंत समोरच्याचा चेहरा उतरवता येतो आणि “नाही” म्हणून तो पुन्हा वर आणता येतो, आणि त्यानंतर “परत मागायला आलोय” असे म्हटले की तो कायमचा उतरतो. ऐकणारा वाक्याच्या टोकापर्यंत आपल्या मुठीत असतो. ज्यांना ही सोय वापरता येत नाही ते लेखक मग उद्गारचिन्हे वापरतात, पण रेडिओवर उद्गारचिन्ह ऐकू येत नाही.

ध्वनिमुद्रण पाहण्याची मला परवानगी मिळाली. कलाकार हातात सुटी पाने धरून ध्वनिक्षेपकाभोवती उभे होते. टाचणी आधीच काढलेली, कारण पान उलटल्याची सळसळ फितीवर येते. एक जण खाली बसून पितळी लोट्यातून बादलीत पाणी ओतत होता आणि तेच आमच्या नळाचे पाणी होते. प्रेक्षक नव्हते. बाईंनी मला आधीच बजावले होते, “हशासाठी जागा सोडू नका. आपल्याकडे हशा येत नाही, नुसता खड्डा पडतो.” पण जागा अजिबात सोडली नाही तर घरी ऐकणारी माणसे हसत असतानाच पुढचे वाक्य निघून जाते. यावर त्यांचा तोडगा असा होता की मुख्य वाक्याच्या पाठोपाठ एक भरीचे वाक्य ठेवायचे, जे ऐकू आले नाही तरी कोणाचे काही बिघडत नाही. म्हणून “काकू अजून गप्प आहेत” याच्यानंतर नवरा म्हणतो, “बरं, मग चहा तरी टाक.” त्या चहाला काही अर्थ नाही. तो आत्यासाठी सोडलेला अवकाश आहे.

काचेपलीकडे दोन तंत्रज्ञ बसले होते. ते वाक्य आले तेव्हा त्यातल्या एकाचे खांदे हलले. काच ध्वनिरोधक असल्याने आवाज अर्थातच आला नाही. माझ्या लेखनाला मिळालेली पहिली दाद ही अशी मूक होती.

प्रसारणाच्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बसलो. आत्याचे लाटणे चालू होते. नवरा म्हणाला, “नळाला पाणी आलंय का, ते जरा बघून ये,” आणि बायकोचे उत्तर आले. लाटणे थांबले. ते पुन्हा सुरू होण्याची मी वाट पाहिली; पण चहाचे वाक्य गेले, त्यापुढची दोन वाक्ये गेली तरी ते सुरू होईना. तव्यावरच्या पोळीचा वास येऊ लागला. मी वर पाहिले, तर आत्या खिडकीतून शेजारी पाहत होती. शेजारच्या बिऱ्हाडातही तोच कार्यक्रम लागला होता आणि तिथून नेहमी येणारे बडबडीचे, भांड्यांचे, मुलांवर ओरडण्याचे आवाज एकदम बंद झाले होते. काकू खरोखरच गप्प होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी आल्याचे सबंध गल्लीला कळले.

मानधनाचा धनादेश आमच्याच बँकेत जमा करायचा होता आणि त्या खिडकीवर मीच बसत असल्याने माझ्या पहिल्या लेखनाच्या कमाईवर शिक्का मारण्याचा मानही मलाच मिळाला. खात्यावर नोंद झाली तेव्हा मॅनेजरने चष्म्यावरून पाहत विचारले, “हे कशाचे?” मी म्हणालो, “पाण्याचे.”

त्यानंतर सात-आठ वर्षे मी सातत्याने श्रुतिका लिहिल्या. हस्तलिखित स्वतः नेऊन देण्याचा आणि बाईंसमोर बसून वाक्ये कापून घेण्याचा मला छंदच लागला, म्हणून रजा काढून पंचवटी एक्स्प्रेसने जात असे. 1975 पासून धावणाऱ्या या गाडीने नाशिककरांना मुंबईत नोकरी करून रात्री घरी जेवायची सोय दिली आणि त्यातून पासधारकांची एक वेगळीच जमात तयार झाली. ठरलेली बाके, ठरलेले पत्त्यांचे डाव, ठरलेले वाद. पाहुण्याने कडेला बसावे आणि ऐकावे.

अशाच एका सकाळी इगतपुरी सोडून गाडी घाट उतरू लागली होती आणि माझ्या समोरचे गृहस्थ शेजाऱ्यांना म्हणाले, “परवा रेडिओवर काय धमाल ऐकली सांगू?” आणि त्यांनी माझी नळाची श्रुतिका सांगायला घेतली; ती पुनःप्रसारित झाली होती. सांगताना त्यांनी वाड्याची चाळ केली, पहाटेची दुपार केली आणि नवऱ्याला विनाकारण दारूडा केले. मी ओठ घट्ट मिटून बसलो होतो. ते मुख्य वाक्यापाशी येतात न येतात तोच गाडी बोगद्यात शिरली. त्या वेळी दिवसा डब्यातले दिवे लावत नसत, त्यामुळे गुडुप अंधार झाला आणि त्या अंधारात गृहस्थ गाडीच्या खडखडाटावर आवाज चढवून म्हणाले, “तर ती बायको म्हणते, पाणी आलेलं नाही, कारण काकू भांडत नाहीयेत!”

हे माझे पहिले वाक्य होते. बाईंनी कापलेले, ‘कारण’सकट, आणि कधीही प्रसारित न झालेले. ते त्या गृहस्थांनी आपल्या बुद्धीने पुन्हा शोधून काढले होते. आणि डबा हसला. दहा-बारा माणसांचा खराखुरा हशा, एकही चेहरा दिसत नसताना. चूक वाक्याला मिळालेला हा हशा ऐकताना माझी अवस्था काय झाली असेल, याची कल्पना ज्याला हिशेबातला एक पैसा लागत नसताना ताळेबंद जुळलेला पाहावा लागला आहे त्यालाच येईल. बोगदा संपला, उजेड आला आणि मी खिडकीबाहेर पाहू लागलो. बाईंना ही हकिकत सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, “डब्यात बसून ऐकणाऱ्यांना सांगणाऱ्याचा हात दिसतो, आधीची ओळख असते. तुमच्या श्रोत्याला कोण ओळखतंय?” मला ते तेव्हा पटले. आता तितकेसे पटत नाही.

रेडिओवर प्रेक्षक असावेत की नसावेत, याबाबत इंग्रजांची रीत आपल्याहून वेगळी होती, हे मला पुढे वाचनातून कळले. बीबीसीचे विनोदी कार्यक्रम बहुधा निमंत्रित प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित होत आणि त्यांचा हशा फितीवर येई. रे गॅल्टन आणि ॲलन सिम्पसन ही तिथली गाजलेली लेखकजोडी. दोघांनाही ऐन तारुण्यात क्षय झाला होता. सरे परगण्यातल्या मिलफर्डच्या क्षयरोग रुग्णालयात त्यांची ओळख झाली आणि तिथल्या रुग्णांच्या अंतर्गत रेडिओसाठी त्यांनी पहिल्यांदा एकत्र लिहिले. पुढे 1954 साली टोनी हॅनकॉक या नटासाठी त्यांनी रेडिओवर मालिका सुरू केली आणि 1956 साली तीच दूरचित्रवाणीवर नेली. खाटेवर पडून कानाला हेडफोन लावलेल्या माणसांसाठी लिहायला शिकलेले हे दोघे, ही गोष्ट मला फार जवळची वाटते. त्यांची आत्या म्हणजे तो सगळा वॉर्ड असणार.

रेडिओकडून चित्राकडे जाण्यातली अडचण मला आधी ‘चिमणराव’ पाहताना जाणवली होती. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि त्याच दशकात चि. वि. जोशींच्या कथांवरची ती मालिका आली. दादरला मामाकडे गेलो की ती पाहायला मिळे. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ पाहताना मी इतरांसारखाच हसत होतो, पण कथा आधी वाचलेल्या असल्याने एक प्रश्न मनात राही. पुस्तकात सगळी हकिकत चिमणराव स्वतः सांगतो. स्वतःची फजिती तो इतक्या प्रतिष्ठेने सांगतो की विनोद घटनेपेक्षा त्या सांगण्यात जास्त आहे. पडद्यावर सांगणारा नाहीसा होतो. मग ती प्रतिष्ठा कोणी दाखवायची? प्रभावळकरांनी ती मान, खांदे आणि डोळे यांवर घेतली. म्हणजे लेखकाची जी वाक्ये होती ती नटाच्या अंगात गेली. हे पाहणे वेगळे आणि आपल्यावर तशी वेळ येणे वेगळे.

ती वेळ 1987 साली आली. देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले होते, गावोगावच्या गच्च्यांवर ॲन्टेना दिसू लागल्या होत्या आणि वरळीला, दूरदर्शनच्या त्या उंच मनोऱ्याखाली, मला अर्ध्या तासाच्या प्रहसनासाठी बोलावणे आले. मी अर्थातच नळ घेऊन गेलो. (विनोदी लेखकाची शिल्लक फार थोडी असते, जे एकदा चालले ते तो जन्मभर चालवतो. ज्यांना हे अप्रामाणिक वाटते त्यांनी दर आठवड्याला नवा विनोद लिहून पाहावा.)

निर्मात्याने संहिता वाचली, हसला आणि माझ्या त्या सहा शब्दांवर काट मारली. त्याऐवजी त्याने असे लिहिले: नवरा दार उघडतो. पायरीवर काकू बसल्या आहेत, मांडीवर रिकामा हंडा, हनुवटीला हात, तोंड मिटलेले. नवरा त्यांच्याकडे पाहतो. दार लावून घेतो आणि पुन्हा पांघरूण ओढतो.

“यात संवादच नाही,” मी म्हणालो.

“विनोद आहे ना? मग संवाद कशाला?”

मी त्या दिवशी रागाने घरी आलो. परंतु प्रहसन लागले तेव्हा वाड्यातली चौदा माणसे एका संचासमोर बसून हसली आणि काकूंचे काम करणाऱ्या अभिनेत्रीच्या त्या मिटलेल्या तोंडाकडे पाहून मलाही हसू आले. त्या हशात पहिल्यांदाच मला शेजारी बसून हसणारी माणसे दिसत होती. नंतर एक शेजारी म्हणाले, “काय काम केलंय त्या बाईनं! पण यात तुम्ही नेमकं लिहिलंत काय?” त्यांना सांगण्यासारखे माझ्याजवळ काहीच नव्हते, कारण त्या प्रसंगात मी जे लिहिले होते ते बाईंच्या शिकवणीप्रमाणे शेवटच्या शब्दापर्यंत कापून टाकलेले होते. पाणी गेले, भांडण गेले, आता वाक्यही गेले. आत्या मात्र पडद्याकडे पाठ करून कणीक मळत होती. तिला टीव्ही आवडत नसे. “त्याच्याकडं बघावं लागतं,” अशी तिची तक्रार होती.

ती 1994 साली गेली. वाडा त्यानंतर फार टिकला नाही.

खासगी वाहिन्यांचा काळ मी थोडक्यात उरकतो, कारण त्यात पैसे अधिक मिळाले आणि सांगण्यासारखे कमी. 1999 साली अल्फा मराठी आणि पुढच्या वर्षी ईटीव्ही मराठी आली, तशी लेखकांना मागणी वाढली. मी बँकेची नोकरी सोडली नाही, आणि तोच माझ्या कारकिर्दीतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. रात्री भाग लिहायचा आणि सकाळी रविवार कारंजावरच्या फॅक्सच्या दुकानातून मुंबईला पाठवायचा, असा क्रम झाला. दुकानदार प्रत्येक पान यंत्रात घालण्यापूर्वी वाचत असे. चार वर्षांत तो एकदाही हसला नाही. एकदा मात्र म्हणाला, “साहेब, शेवटचं पान नाही गेलं तरी चालेल. त्यात नुसते समजावून सांगितलंय.” मी पान परत घेऊन वाचले. त्याचे खरे होते.

अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता बावीस-तेवीस मिनिटे हाती लागत. श्रेयनामावलीत कथा, पटकथा, संवाद अशी नावे वेगवेगळी येऊ लागली आणि कधी कधी त्यातले आपले येतही नसे. मानधनासाठी नव्वद दिवस थांबायचे हा रिवाज होता. एका निर्मात्याच्या बाबतीत ते नव्वद दिवस अजून संपायचे आहेत. मालिका मध्येच बंद झाली, कार्यालयाचा पत्ता बदलला आणि अकरा भागांचे पैसे राहिले ते राहिले. 2012 सालच्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या स्वामित्वधनाचा हक्क मान्य झाला, तो कोणाला लिहून देऊन टाकता येणार नाही असेही ठरले, ही चांगली गोष्ट झाली. माझ्या अकरा भागांना मात्र तिचा उपयोग नव्हता. नव्या मुलांनी करारपत्रातले बारीक अक्षर वाचावे एवढेच सांगेन, आणि ते वाचताना हसू येत नसेल तर सही करण्याची घाई करू नये.

मला खरा त्रास झाला तो पैशांचा नव्हे. त्या मालिकेतही नळाचा प्रसंग होता. तोच, पायरीवर बसलेल्या गप्प काकूंचा. संकलनात वेळ बसेना म्हणून काकूंचे दृश्य कापून जेमतेम दीड सेकंदाचे केले होते, पण त्याखाली घातलेला, आधीच ध्वनिमुद्रित केलेला तयार हशा पूर्वीइतकाच लांब राहिला. परिणामी नवरा कडीला हात घालतो, दार अजून उघडलेलेही नाही, आणि लोक खदखदून हसतात. काकू दिसेपर्यंत हसणारे दमलेले असतात. म्हणजे लोक काकूंना नाही, दाराला हसले.

हा डबाबंद हशा अमेरिकेतून आला. चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यासाठी एक पेटीच बनवली होती. निरनिराळ्या हशांच्या फिती आत आणि बाहेर कळा, पेटीवादकासारखे बसून हवा तो हशा वाजवायचा. तिथल्या लेखकांनाही ती आवडत होती असे नाही. लॅरी गेलबार्ट हा लेखक पोरवयात रेडिओसाठी लिहू लागला होता. 1972 साली त्याच्या हाती युद्धातल्या लष्करी रुग्णालयावरची ‘मॅश’ ही विनोदी मालिका आली तेव्हा त्याला तयार हसू नको होते. वाहिनी ऐकेना. शेवटी शस्त्रक्रियेच्या दृश्यांत तरी हसू घालायचे नाही, एवढ्यावर तडजोड झाली. इंग्लंडात बीबीसीने ही मालिका दाखवताना तो हशा काढूनच टाकला. म्हणजे एकच विनोद एका देशात हशासकट आणि दुसऱ्या देशात हशाविना ऐकला गेला. मी तो दोन्ही प्रकारे पाहिला आहे. हशाविना मला तो जास्त विनोदी वाटला, पण या बाबतीत माझा कान आत्याच्या स्वयंपाकघरात तयार झालेला आहे, हे मान्य करायला हवे.

आज विनोदी कार्यक्रमांत परीक्षक समोर बसतात आणि त्यांचे हसणे दाखवले जाते. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ 2018 पासून लोक आवडीने पाहतात, आमच्या घरीही पाहतात, आणि त्यातली काही स्किट्स फार चांगली बांधलेली असतात. मुख्य म्हणजे तिथे लेखकांची नावे लोकांना माहीत आहेत, जे आमच्या काळी अशक्य होते. मला फक्त परीक्षक हसत असताना कलाकार दिसेनासे होतात तेव्हा चुकल्यासारखे होते. पण ही म्हाताऱ्याची कुरकुर झाली.

गेल्या महिन्यात एका तरुण मित्राने पॉडकास्टसाठी पंधरा मिनिटांची श्रुतिका मागितली. पुन्हा रेडिओच, फक्त नाव बदललेले. आम्ही आता गंगापूर रोडला सहा मजली इमारतीत राहतो. सामाईक नळ नाही, पहाटेचे पाणी गच्चीवरच्या टाकीत परस्पर चढते. पण उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो आणि तो आला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी कोणाच्या टाकीत, यावरून जे चालते ते पाहता वाडा कुठे गेलेला नाही, एवढे मला दिसते. मी नळ काढून टँकर घातला. नवरा विचारतो, “टँकर आला का, ते जरा बघ.” बायको म्हणते, “बघायचं कशाला? ग्रुपवर काकू अजून गप्प आहेत.” एक शब्द वाढला. बाई असत्या तर त्यांनी त्यावरही पेन्सिल ठेवली असती.

लिहिलेले मोठ्याने वाचून पाहण्याची सवय असल्याने मी पाने घेऊन स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकली. सूनबाई ओट्याशी उभी राहून मिक्सरवर चटणी वाटत होती आणि मिक्सरच्या आवाजावर आवाज चढवून मी वाचत होतो. घाटातल्या त्या गृहस्थांसारखाच. काकूंच्या वाक्यापाशी आलो, वाक्य संपवले, आणि त्याच क्षणी मिक्सर बंद झाला.

मी श्वास रोखून तिच्या पाठीकडे पाहत राहिलो. ती वळली.

“काय म्हणालात, बाबा? ह्या आवाजात ऐकू नाही आलं.”

मी चहाचे वाक्य आधी म्हटले, मग मागे जाऊन काकूंचे वाक्य पुन्हा वाचायला घेतले.